लहान मुलांना रेषा आणि आकारांतून भाव दाखवायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की आडवी रेषा म्हणजे शांतता, टोकदार म्हणजे राग, नागमोडी म्हणजे आनंद असा तक्ता दुसरीच्या मुलांना दिलात आणि सगळ्या कागदांवर एकच चित्र उमटलं. उमटणारच. तक्ता दिला की मुलं तक्ताच काढतात. सुरुवातीला मीही हेच केलं होतं. ‘राग’ म्हटल्यावर अख्ख्या वर्गाने लाल खडूने टोकदार रेघोट्या ओढल्या. एक मुलगा मात्र काळा खडू एकाच जागी घोटत बसला, कागद फाटेपर्यंत. म्हणाला, “मी चिडलो की बोलतच नाही.” फळ्यावरचा तक्ता मी तेव्हाच पुसला.

आता मी भावनांची नावंच घेत नाही, आवाजाचे शब्द घेते. मराठीत त्यांना काय तोटा! टपटप, सळसळ, गडगड, खुडबुड, सुळकन. शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हणायचा, हवेत हाताने करून बघायचा, मग कागदावर उतरवायचा. ‘टपटप’साठी एका मुलीने आधी लांब लांब ठिपके दिले, मग ते जवळ येत गेले आणि शेवटी त्यांना शेपट्या फुटल्या. मी काहीच सांगितलं नव्हतं, तिचा पाऊस वाढला होता. ‘सुळकन’ सावकाश काढताच येत नाही, खडू कागदाबाहेर जातोच. जाऊ द्या, खाली रद्दी पसरा. एका तासाला तीन शब्द पुष्कळ झाले.

टोक केलेली पेन्सिल मात्र नको. बारीक टोक हातात आलं की मुलं अक्षर गिरवल्यासारखी नुसत्या बोटांनी काढतात. जाड तेलखडू द्या, कागद भिंतीला चिकटवा आणि उभं राहून काढू द्या. मग रेघ खांद्यातून येते आणि तिच्यातला दाब, वेग दिसायला लागतो. भाव असतो तो तिथे. एकच आडवी रेघ एकदा अलगद ओढा आणि एकदा कचकचून दाबून ओढा; तक्त्यातली शांतता दुसऱ्या रेघेत कुठे सापडते का बघा. (खोडरबर सगळे गोळा करून माझ्या पिशवीत.)

आकारांसाठी एक जुना खेळ आहे. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली एक गोलसर आणि एक टोकदार आकृती मांडून विचारलं होतं, यातली ‘बालुबा’ कोणती आणि ‘टकेटे’ कोणती? गोलसर आकृतीलाच बहुतेक जण बालुबा म्हणतात. वर्गात करून बघा, मग “का?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तरं देताना मुलांचे ओठ आणि हात काय करतात ते बघण्यासारखं असतं.

त्यानंतर काळ्या कागदाचं एक मोठं वर्तुळ आणि चार छोटे त्रिकोण कापून द्या, पण डिंक लगेच देऊ नका. मुलांना आकार नुसते सरकवू द्या. त्रिकोण पायावर ठेवला की निवांत बसतो, टोकावर उभा केला की आता पडेल असं वाटतं. हे त्यांना आपोआप सापडतं. माझ्याकडे एकीने चारही त्रिकोण मधोमध दाटीने लावले, वर्तुळ कोपऱ्यात ढकललं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “ह्याला खेळायला घेत नाहीयेत.” मग तिला डिंक दिला.