म्युझिक मॅगझिनचं कव्हर नेमकं कुणाला हाक मारतं?

तुमचा प्रश्न असा की मीडियाच्या असाइनमेंटसाठी म्युझिक मॅगझिनचं कव्हर आपल्या टार्गेट ऑडियन्सला कसं खेचतं हे लिहायचंय, आणि जिथं बघावं तिथं "आकर्षक रंग, मोठा फॉन्ट, सेलिब्रिटीचा फोटो" एवढंच मिळतंय. मिळणारच, आणि त्याचा उपयोग नाही, कारण हे तिन्ही साबणाच्या वडीवर पण असतं.

मी डिझाइन आणि छपाईच्या धंद्यात पंधराएक वर्षं आहे, कॉलेजात असताना मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी परदेशी मासिकं रद्दीच्या भावात उचलून आणायचो, तेवढ्याच भांडवलावर बोलतोय. माझं म्हणणं असं की चांगलं कव्हर आधी नको असलेल्या गिऱ्हाइकाला पळवून लावतं. ऐकायला येडपटपणा वाटेल, पण रॉक संगीताचं 'केरँग!' बघा. १९८१ च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'साउंड्स' नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवाला अँगस यंग. नाव म्हणजे गिटारवर पॉवर कॉर्ड जोरात हाणला की येणारा आवाज, आपल्याकडं कुणी 'धाडधूम' नावाचं मासिक काढावं तसं. लोगोची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी, त्याला उद्गारचिन्ह, एकावर एक चढलेले फोटो, आत पोस्टर आहेत म्हणून कोपऱ्यात आरडाओरडा, श्वास घ्यायला जागा नाही. पन्नाशीच्या माणसाला ते बघूनच डोकं दुखतं आणि तेच तर हवंय ना, पंधरा वर्षांच्या पोराला पटतं की हे बाबांचं नाही, हे माझं आहे. पोस्टरही उगाच नसतात, त्या वयात स्वतःची अशी एकच जागा असते, खोलीची भिंत.

आता त्याच देशातलं 'मोजो' घ्या, नोव्हेंबर १९९३ चा पहिला अंक. कव्हरवर बॉब डिलन आणि बीटल्सचा जॉन लेनन, दोघंही साठच्या दशकातले स्टार, म्हणजे लेननला जाऊन तोवर जवळजवळ १३ वर्षं झालेली. नवीन काय आहे हे या वाचकाला नकोच होतं, त्याला आपलं तरुणपण परत नीट बांधून, चांगल्या कागदावर हवं होतं. पुढं मोजोनं कव्हरला सीडी चिकटवून द्यायला सुरुवात केली, इथं पोस्टर कोण लावणार, घरात बायको ओरडेल.

या दोघांच्या मधलं 'क्यू', १९८६ चं. त्याची गोष्ट मला फार आवडते. मूळ नाव ठरलं होतं 'क्यू'च, पण रेकॉर्डवर सुई ठेवण्याच्या अर्थाचा तीन अक्षरी इंग्रजी शब्द (cue), मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्टँडवर लोक याला स्नूकरच्या काठीचं मासिक समजतील, म्हणून एकच अक्षर (Q) ठेवलं. लाल चौकोनात पांढरं क्यू, डावीकडं वरच्या कोपऱ्यात. पहिल्या कव्हरवर बीटल्सचाच पॉल मॅकार्टनी. त्या वेळी सीडी नवी होती, कमावती मंडळी आपले जुने आवडते अल्बम परत सीडीवर विकत घेत होती, अशांना तडकलेल्या काचेचा लोगो नको, नीटनेटकं, गाइडसारखं दिसणारं काहीतरी हवं. ते २०२० ला बंद पडलं.

डावा वरचा कोपरा म्हटलं, तर तेवढं असाइनमेंटमध्ये जरूर लिहा. तिकडच्या दुकानांत मासिकं शेल्फवर एकमेकांवर अर्धी झाकलेली ठेवतात, दिसते ती वरची पट्टी आणि डावीकडचा साधारण एक तृतीयांश भाग, त्यामुळं नाव, ओळखीचा चेहरा किंवा विकणारी ओळ तिथं कोंबतात. आपल्याकडं स्टॉलवर दोरीला चिमट्यानं लटकवतात तिथं हे गणित बदलतं.

आता नजर. रॉक-पॉपच्या कव्हरवर बहुतेक वेळा कलाकार थेट कॅमेऱ्यात बघतो, म्हणजे तुमच्याकडं, जरासा माज ठेवून. हे मी शिकलो ते स्वतःच्या फजितीतून. एका छोट्या शास्त्रीय संगीत महोत्सवाची स्मरणिका करायला मिळाली होती, आणि मी तेव्हा ताजाताजा शहाणा, गायकाचा लेन्समध्ये रोखून बघणारा काळापांढरा फोटो घेतला, वर फाटक्या लाल अक्षरांत नाव, एकदम रॉकस्टार. टेबलावर गठ्ठा ठेवलेला, लोक बघून पुढं जातायत, एका काकांनी थांबून विचारलं, "हे कुठल्या नाटकाचं आहे?" पुढच्या वर्षी मी त्याच गायकाचा डोळे मिटलेला, एक हात वर गेलेला, मागं तंबोरा धूसर दिसणारा फोटो लावला, बाजूला भरपूर मोकळी जागा, साधी ठळक देवनागरी अक्षरं, आणि आत कुणाकुणाचे लेख आहेत ती नावं. त्या वेळी गठ्ठा संपला. आपल्या रसिकाला गवयानं आपल्याकडं बघायला नकोच असतं, तो सुराकडं बघत असला की मग पटतं. कव्हर तेच काम करतं, फक्त प्रत्येक घराण्याचे नियम वेगळे. (रॉकच्या मासिकांत बायका असल्या की गिटार गायब आणि कपडे कमी, हा प्रकार पण बराच चाललाय, त्यावरून टार्गेट वाचक कोण धरलाय ते वेगळं सांगायला नको. हवं तर त्यावर स्वतंत्र पॅरा टाका.)

शब्दांचं म्हणाल तर 'एनएमई' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाचं ऑगस्ट १९९५ चं कव्हर शोधा. ब्लर आणि ओएसिस या दोन बँडची सिंगल्स (सुटी विकली जाणारी गाणी) एकाच दिवशी, १४ ऑगस्टला येणार होती, यांनी कव्हर बॉक्सिंगच्या पोस्टरसारखं केलं, हेवीवेट चॅम्पियनशिप म्हणून. आता यात संगीताबद्दल एक अक्षर नाही! पण वाचकाला बाजू घ्यायला लावली आणि बाजू घेतलेला माणूस अंक घेतोच, आपल्याकडं लता की आशा वरून घरात जी भांडणं व्हायची तेच. त्या आठवड्यात ब्लर जिंकलं, साधारण २ लाख ७४ हजार प्रती विरुद्ध २ लाख १६ हजार. पुढं २०१५ मध्ये एनएमई फुकट वाटायला लागले, फुकटच्या पहिल्या अंकावर रिहाना. माझ्या मते हे सरळ आहे, पैसे देणारा कट्टर गिटारवाला गेला आणि समोर रस्त्यानं जाणारा कुणीही आला, मग चेहरा पण कुणीही ओळखेल असाच लागणार. २०१८ ला हा फुकटचा छापील अंक थांबला.

आणि अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' शिवाय तुमचं असाइनमेंट पूर्ण होणार नाही. २२ जानेवारी १९८१ चा अंक, नागडा लेनन बायकोला, योकोला बिलगून झोपलेला, फोटोग्राफर अॅनी लीबोविट्झनं हा फोटो ८ डिसेंबर १९८० ला काढला आणि त्याच रात्री त्याला गोळ्या घातल्या. कव्हरवर मासिकाचं नाव सोडून हेडलाइन वगैरे काहीच नाही. वाचकाला सगळं माहीतच होतं, त्याला काय सांगणार. पण मला त्याहून कामाचं वाटतं ते ऑगस्ट २०१३ चं कव्हर. बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्या झोखार त्सारनाएवचा फोटो, विस्कटलेले केस, मऊ प्रकाश, थेट नजर. अमेरिकेत भडका उडाला, मोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. गंमत म्हणजे हाच फोटो त्याआधी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर येऊन गेला होता तेव्हा असं काही झालं नव्हतं. वर्तमानपत्रात तो आरोपी दिसला, आणि रोलिंग स्टोनच्या नावाखाली तोच फोटो रॉकस्टार झाला, कारण १९६७ पासून त्या चौकटीत जो येतो तो हिरो अशी वाचकाच्या डोळ्याला सवय लागलेली. चौकटच अर्थ लावते, फोटो नंतर. मासिकानं कव्हरवरच त्याला राक्षस म्हटलं होतं, तरी उपयोग झाला नाही.

लिहायला बसण्याआधी एक करून बघा. दोन वेगळ्या मासिकांची एकाच कलाकाराची कव्हरं घ्या, अंगठ्यानं मासिकाचं नाव झाका, आणि या विषयातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला विचारा की हे कोण विकत घेईल. मी आईला केरँगचं दाखवलं होतं. तिनं चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाली, "तुझ्या वयाच्या पोरांचं आहे. आणि याला आधी कुणीतरी आंघोळ घाला."