बंद केलेल्या गाडीत काय काय साठून असतं

चोपड्याकडच्या एका मुलाने विचारलंय: आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड झाला, आता जळगावला एका गॅरेजात लागलोय. उस्ताद म्हणतात, बघत बघत शीक. पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय शिकू? आणि दुकानात स्टँड (उचललेली गाडी धरून ठेवणारे लोखंडी टेकू) नाहीत, जॅकवर गाडी उचलून खाली विटा रचतात. मी नवीन माणूस, तोंड उघडावं का?

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरेच करतो. पारोळ्याजवळ हायवेला माझं गॅरेज आहे, 27 वर्षं झाली. ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर, कार, येईल ते करतो.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या लेखी एकच आहे. चावी फिरवून इंजिन बंद केलं की गाडी शांत झाली असं आपण धरून चालतो. ती शांत झालेली नसते. तिचं वजन तसंच असतं. रेडिएटरात पाणी दाबाखाली तापलेलं असतं, डिझेलच्या लाइनीत प्रेशर असतं, बॅटरीत करंट असतो, ट्रकच्या ब्रेक चेंबरमध्ये स्प्रिंग दाबून बसवलेली असते. यातलं काय कुठे साठलंय ते ओळखायचं, आधी ते मोकळं करायचं किंवा अडवायचं, आणि मग पाना लावायचा. माझे उस्ताद अहिराणीत म्हणायचे, "हात घालाना पहिले डोया घाल." पहिले सहा महिने तू हेच शीक. इंजिन खोलणं, क्लच प्लेट बदलणं हे हाताला आपोआप येतं.

वजनाचं आधी सांगतो. मी 18 वर्षांचा होतो. मे महिना, दुपारचे दोन, मुक्ताईनगरच्या पुढे रावेरची केळी भरलेला ट्रक उभा, मागचं टायर बसलेलं. आम्ही जॅक सरळ डांबरावर ठेवला. मे महिन्यात आपल्याकडचं डांबर कसं होतं तुला माहीत आहे, चपलेला चिकटून येतं. बॉटल जॅकचा तळ पंजाएवढा, आणि त्यावर टनांचा भार. चाक काढून झालं होतं. मी दुसरं चाक रेटत आणत होतो, तेवढ्यात जॅकचा तळ एका बाजूने डांबरात रुतला आणि जॅक कलला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. ड्रम खाली आला, आणि डाव्या हाताची करंगळी ड्रम आणि रिमच्या मध्ये राहिली. पहिलं पेर गेलं. बाभळीचा गुटका केबिनमध्ये पडून होता. तेवढ्या उन्हात तो आणायचा आम्ही कंटाळा केला होता.

म्हणून जॅकखाली रुंद, जाड लाकडी फळी किंवा गुटका हवाच, माती असो की डांबर. जॅक हे उचलायचं हत्यार आहे, धरून ठेवायचं नाही. आतलं तेल एका छोट्या सीलच्या भरवशावर अडलेलं असतं. ते सील गेलं की जॅक बसतो, आणि कधी बसणार हे तो आधी सांगत नाही. गाडी स्टँडवरच घ्यायची. विटांचं तर नावच काढू नको. वीट सगळीकडून सारखा भार आला तर सोसते, पण चॅसीची कड एका ठिकाणी टेकली की एकाएकी फुटते. लाकूड निदान करकरतं, वीट तेवढीही सूचना देत नाही. स्टँड लावले की जॅक हळू सोडून भार स्टँडवर घे, आणि खाली शिरण्याआधी गाडीला बाजूने दोन्ही हातांनी जोर देऊन हलवून बघ. काढलेलं चाक आडवं करून चॅसीखाली सरकव. सगळं फसलं तरी तेवढी जागा तुझ्या छातीसाठी शिल्लक राहते.

हँडब्रेकवर विसंबू नको. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो; मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला. आणि गिअरमध्ये टाकलेली आहे म्हणून बिनधास्त राहू नको. पिकअपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं एक चाक हवेत गेलं, की डिफरन्शिअल त्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक गिअर असतानाही घरंगळू शकतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा गुटके लाव, मगच जॅकला हात घाल. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर. उचललेल्या गाडीवर टॉमी (नट सोडायचा दांडा) लावून अंगाचा जोर टाकणं म्हणजे गाडी स्वतःच्या हाताने स्टँडवरून ढकलणं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे आणि पुस्तकात कोणी नीट सांगत नाही. पेट्रोलने पार्ट धुऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची वाफ शून्याच्या खाली 40 अंशांवरही पेट घ्यायला तयार असते. म्हणून आपण रॉकेल किंवा डिझेल वापरतो आणि निर्धास्त होतो. पण रॉकेल-डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, आपल्या मानकाप्रमाणे किमान 35 अंश असावं लागतं. किमान एवढंच. आता भुसावळ-जळगावचा मे महिना आठव. पारा 45 च्या आसपास, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. म्हणजे डिसेंबरात जे डिझेल काडी टाकली तरी पटकन पेटत नाही, तेच मे महिन्याच्या दुपारी उघड्या ट्रेमध्ये पेट्रोलसारखं वागू शकतं. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत खड्ड्यात जाऊन बसते, आणि पलीकडे कोणी ग्राइंडर चालवत असेल तर ठिणगी तिथून येते. उन्हाळ्यात धुण्याचं काम सकाळी लवकर, शेडच्या बाहेर कर, ट्रेवर झाकण ठेव, आणि खड्ड्यात काचेच्या बल्बचा हँडलॅम्प नेऊ नको, एलईडी ने. बल्ब फुटला की त्याची तार क्षणभर लाल असते, तेवढी पुरते.

रिकाम्या डिझेलच्या ड्रमला कोणीही सांगितलं तरी वेल्डिंग करू नको. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. दुकानात आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर कुठे टांगलाय आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का, हे पहिल्याच दिवशी बघ. फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी मारायचा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, ते आग घेऊन पसरतं. थंडीची गोष्ट वेगळी: धुळ्याकडे पहाटे पारा एक आकडी होतो, शटर अर्धं ओढून पोरं इंजिन चालू ठेवतात. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळायला लागलं तर आधी बाहेर पळ, मग इंजिनाचं बघ.

रेडिएटरची कॅप. ती साधारण एक बारचा दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी 100 ला न उकळता 120 च्या आसपास उकळतं. कन्नड घाट चढून आलेल्या गाडीची कॅप तू उघडलीस की दाब एकदम जातो, आणि 110 अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांब, वरचा होज कापडाने दाबून बघ. टणक लागला तर अजून थांब. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नको, हेडला तडा जातो. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही फिरतो, तेव्हा बोटं तिथे नकोत.

डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांत लाइनीचा दाब 1600 बारच्या वर जातो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दीड टनाहून जास्त. लिकेज हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं. इंजिन बंद करून काही मिनिटं जाऊ दे, मग लाइनीचा युनियन (जोडाचा नट) सोड. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही फार नाही, पण आत हात सडतो. असं झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांग की जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय.

ट्रकच्या मागच्या ब्रेक चेंबरमधली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबलेली असते. केजिंग बोल्ट (स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट) लावून ती आवळल्याशिवाय त्या चेंबरचा क्लॅम्प सोडायचा नाही, आणि पहिल्या वर्षात तर तू एकट्याने त्याला हातच लावू नको. लॉक रिंगवाल्या (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या) चाकात हवा भरताना समोर उभं राहू नको. पिंजरा नसेल तर साखळी गुंडाळ, लांब नळी घे, बाजूला उभा राहा. डंपरची बॉडी वर आहे आणि तुला खाली जायचंय, तर आधी टेकू. स्टिअरिंगखालची पिवळ्या वेष्टनातली वायर एअरबॅगची, आणि इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल जास्त व्होल्टेजची. शिकवल्याशिवाय दोन्हींना हात नको.

आता शोधाशोध, म्हणजे खरं रिपेअरिंग. एक उदाहरण देतो, हे नीट जमलं तर निम्मं इलेक्ट्रिकल जमलं. कार आली, सेल्फ मारला की टक टक आवाज, इंजिन फिरत नाही. नव्या पोराचं पहिलं वाक्य असतं, "बॅटरी गेली." थांब. 300-400 रुपयांचा मीटर स्वतःचा घे. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.0 आली तर ती जवळपास उतरलेली आहे. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि मीटर बघ: साडेनऊच्या खाली कोसळली तर बॅटरीवर संशय घे. कोसळली नाही आणि सेल्फ तरीही टकटकतोय, तर मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकव, दुसरी त्याच खुंट्यावर बसलेल्या टर्मिनलवर. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणजे फरक शून्य हवा. सेल्फ मारताना तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर दोष बॅटरीत नाही, त्या दोघांमधल्या पांढऱ्या-हिरवट भुकटीत आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून धू, घास, आवळ, वरून व्हॅसलिन लाव. गिऱ्हाइकाचे पाच हजार वाचले, आणि तो माणूस पुढची 10 वर्षं तुझ्याकडेच येतो. तशीच तपासणी अर्थच्या वायरीची कर. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 आलं तर आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ठीक.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण असं की अख्खी बॉडी निगेटिव्ह आहे. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते. जंपरची शेवटची क्लिप म्हणूनच बंद गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर न लावता दूर इंजिनाच्या धातूवर लावतात. अंगठी, कडं, मनगटातला जाड दोरा कामाआधी काढून ठेव.

धुराचा रंग बघायची सवय लाव. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघ. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत येतंय का ते बघ. डिपस्टिक काढ, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं) किंवा ऑइल कूलर गेलाय. बोल्ट कुठलाही असो, पहिले दोन-तीन आटे बोटांनीच बसव. स्पार्क प्लग तर नक्कीच, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की मोठा खर्च. चाकाचे नट समोरासमोरचे आवळ, शेजारशेजारचे नाही. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा एक थेंबही जाऊ देऊ नको, आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातात. ब्रेकची धूळ हवेने उडवू नको, ओल्या फडक्याने पूस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं.

भाजलं तर 20 मिनिटं नळाखाली धर, टूथपेस्ट नाही, शाई नाही. ॲसिड डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी, आणि मग दवाखाना. 108 नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेव.

तोंड उघडावं का? हो. पण गिऱ्हाइकासमोर नाही, आणि शिकवल्यासारखं नाही. दुकान बंद करताना उस्तादांजवळ बस आणि म्हण, "उस्ताद, मी खाली जाईन, काम करीन, फक्त स्टँड लावून." एवढंच. वर रागावले तर ऐकून घे, पण विटांवरच्या गाडीखाली जाऊ नको. नोकरी दुसरी मिळते. बहुतेक उस्ताद कंजूस नसतात रे, त्यांना कोणी स्टँड लावून शिकवलेलंच नसतं. माझ्याकडे तीन टनांची एक जोडी जास्तीची आहे, मागच्या दिवाळीला नवी घेतली तेव्हापासून कोपऱ्यात पडून. त्यांच्या पिना आणि दात मी तपासून ठेवतो. एरंडोलकडून पारोळ्याला येणाऱ्या कुठल्याही गाडीत बस, रविवारी मी दुपारपर्यंत दुकानात असतो, घेऊन जा. तुझ्या उस्तादांनाही सोबत आण, चहा घेऊ.