माउंटन व्ह्यू: भूजलातलं टीसीई आणि घरातली हवा

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या मिडलफील्ड-एलिस-व्हिस्मन (एमईडब्ल्यू) या सुपरफंड, म्हणजे अमेरिकी सरकारच्या प्रदूषण-सफाई यादीतल्या, पट्ट्यात तळमजल्यावर घर घेतोय, आरओ लावला की पुरेल का, असा प्रश्न आहे. नाही पुरणार. धोका नळाच्या पाण्यात नाही, जमिनीखाली आहे. जुन्या चिप कारखान्यांतून मुरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) हे साफसफाईचं द्रावक उथळ भूजलात आहे. त्याची वाफ मातीतून वर येते आणि घराखालच्या काँक्रीटच्या स्लॅबच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरते.

टीव्हीओसी मॉनिटर (हवेतल्या सगळ्या सेंद्रिय वाफा एकत्र मोजणारं घरगुती यंत्र) घेऊ नका. या पट्ट्यात घरातल्या हवेसाठी टीसीईची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.१९ पीपीबी (अब्जात ०.१९ भाग) आहे. हे मॉनिटर तेवढं ओळखत नाहीत. फोडणी दिली की मात्र लाल होतात.

तपासणी समा कॅनिस्टरनेच (आतली हवा काढून टाकलेला, नमुना ओढून घेणारा धातूचा डबा) करा: ६ लिटरचा, २४ तासांत हळूहळू हवा आत सोडणाऱ्या रेग्युलेटरसह. एक तळमजल्यावर, बसल्यावर नाक येतं त्या उंचीला, आणि त्याच वेळी एक बाहेर. लॅबला टीओ-१५ ही हवेतल्या वाफांची चाचणी ‘सिम’ या जास्त संवेदनशील मोडमध्ये करायला सांगा. शोधमर्यादा (लॅबला ओळखता येणारं किमान प्रमाण) १ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ‘आढळलं नाही’ या शेऱ्याला अर्थ नाही. गेजवरचा निर्वात सुरुवातीला पाऱ्याच्या ३० इंचांच्या आसपास आणि संपताना ५ च्या आसपास हवा. शून्यावर गेला असेल तर कॅनिस्टर केव्हा भरला ते कळत नाही. डीग्रीझर, बंदूक साफ करायचं द्रावण, ड्रायक्लीनचे कपडे दोन दिवस आधीच घराबाहेर काढा, नाहीतर तुमच्याच कपाटातली वाफ मोजली जाईल.

एक रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबू नका. थंडीत हीटर चालतो, गरम हवा वरून निसटते आणि घर जमिनीतली हवा ओढतं, म्हणून हिवाळ्यातला नमुना हवाच. घरात कोणी गरोदर असेल तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका: टीसीईचा थोड्या दिवसांचा संपर्कही गर्भाच्या हृदयासाठी काळजीचा मानतात. आधी ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) प्रकल्प अधिकाऱ्याशी बोला.

तोवर फटी बुजवा, खिडक्या उघडा. खिडक्या बंद ठेवून नुसता एक्झॉस्ट लावला तर जमिनीतली ओढ उलट वाढते. हेपा (बारीक धूळ अडवणारा) फिल्टर वाफ अडवत नाही. भरपूर सक्रिय कोळसा असलेलाच प्युरिफायर थोडाफार उपयोगी.

पक्का उपाय म्हणजे स्लॅबखालून हवा ओढणं: स्लॅबला भोक, खाली छोटा खड्डा, तिथून ३-४ इंची पीव्हीसी पाइप छताच्या वर, आणि अखंड चालणारा पंखा. पंखा राहत्या भागात नको, कारण त्याच्या पुढच्या पाइपात दाब असतो; तिथे गळलं तर वाफ खोलीतच. पाइपवरच्या, ओढ दाखवणाऱ्या द्रव भरलेल्या यू-नळीत दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा ओढत नाहीये, ज्यांनी बसवला त्यांना लगेच फोन करा.