नातू ज्यू प्रीस्कूलमध्ये, आजी सोलापुरात

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात. साडेतीन वर्षांच्या नातवाला त्यांनी तिथल्या ज्यू लोकांच्या प्रीस्कूलमध्ये घातलंय. आम्ही काही ज्यू नाही, पण मुलगी म्हणते तिथल्या टीचर पंधरा-वीस वर्षं त्याच शाळेत आहेत म्हणून तीच निवडली. आता शुक्रवारी शाळेला निघताना फोनवर तो "शबात शालोम आजी" म्हणतो. गोड वाटतं पण धाकधूकही होते, आपलं शुभंकरोती विसरेल का? आणि एवढ्या जुन्या टीचर म्हणजे जुनाट पद्धतीने शिकवत नसतील ना?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने बघायची ती गोष्ट बरोबर बघितलीय. बिल्डिंग, खेळणी सगळं नंतर, या वयात आधी बाई कोण आणि ती किती वर्षं टिकलीय हेच विचारायचं.

माझंच सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातल्या बालवाडीत होते, एक पोरगा दप्तर कवटाळून "नीळ्ळू नीळ्ळू" करून रडायचा, मी त्याला गाणी म्हणून दाखवतेय, बाहुली देतेय, उचलून घेतेय आणि तो आणखीनच भोकाड पसरतोय. शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून नुसत्या डोकावल्या, माठातून पेलाभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं आणि गेल्या. तेलुगूत नीळ्ळू म्हणजे पाणी! वीस वर्षं तिथल्या तेलुगू विणकरांची पोरं सांभाळलेली बाई, तिला ते कानावर पडताच कळलं. मला लाज वाटली आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या मागेमागे फिरायला लागले. तोच पोरगा दिवाळीपर्यंत मराठीत भांडायला लागला पण आईशी तेलुगूच बोलायचा, काही विसरला नाही. तुमच्या पहिल्या काळजीचं उत्तर मला वाटतं यातच आलं.

आता शुक्रवारचं. त्यांचा शबात शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर संपतो, त्या काळात काम बंद. शबात शालोम म्हणजे शबात शांततेचा जावो. संध्याकाळी मुलं घरी असतात म्हणून प्रीस्कूलमध्ये शुक्रवारी सकाळीच छोटा शबात करतात, मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि खल्ला नावाचा पाव, तो आपल्या वेणीसारखा पदर घालून विणतात. बऱ्याच ठिकाणी कणीक मुलांनाच मळायला देतात. त्या मळण्यात काय काय असतं बघा, बोटांना जोर येतो, थांबायला शिकतात, शेजाऱ्याला गोळा द्यावा लागतो. नवीन टीचर असली तर वाकडी वेणी पटकन स्वतः सरळ करून टाकेल, मुरलेली बाई हात मागे बांधून बसते आणि वाकडीच भाजायला पाठवते. एका डब्यात नाणीही टाकायला लावतात, त्याला त्सेदाका म्हणतात, गरजूचा वाटा बाजूला काढायचा. यात आपल्याला परकं असं काय आहे?

आणि ही माणसं आपल्याला नवी कुठंयत. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे, घरात मराठीच. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1875 साली मुंबईत शाळा काढली, पुढे तिला सर एली कदूरी स्कूल नाव पडलं, आणि रिबेका रुबेन बाई 1922 पासून कितीतरी वर्षं तिथे मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे एकाच शाळेला आयुष्य देणाऱ्या बाई त्या समाजात इथेही होऊन गेल्यात.

जुनाटपणाचं मात्र बरोबर विचारलंत. नुसती वर्षं मोजून काही होत नाही, पहिल्याच वर्षाची कॉपी वीस वेळा काढणाऱ्या बाया मीही बघितल्यात. मुलीला सांगा, एक दिवस वर्गात थोडा वेळ बसून बघ. टीचर खाली जमिनीवर बसते का, मूल बोलत असताना त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबते का, आणि नातवाबद्दल विचारलं तर "छान आहे, गुड बॉय" एवढंच म्हणते की काल त्याने काय केलं ते नेमकं सांगते.

तिकडे सकाळी तो शाळेला निघतो तेव्हा आपल्याकडे दिवेलागण असते ना, मग देवापाशी फोन धरा, दिवा लावून शुभंकरोती म्हणा, त्याला म्हणायची सक्ती नको. मग त्याच्या मेणबत्त्यांचं त्यालाच विचारा, किती लावल्या, कुणी लावल्या, भरभरून सांगेल.

आणि हो, डब्याचं. ज्यू शाळांत डब्यात मांस सहसा चालत नाही, आपला शाकाहारी डबा असला की निम्मी अडचण मिटते, पण अमेरिकेत कितीतरी शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते. त्यामुळे पार्सलमधून शेंगाचटणी आणि शेंगापोळी जरूर पाठवा, फक्त ती घरीच खायची, डब्यात नाही, हे मुलीला आठवणीने सांगा.