बाळंतपणात बाळाच्या मेंदूला इजा झाली, तर दवाखान्याविरुद्ध भरपाईचा दावा करता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात झालं. रात्रभर कळा, पहाटे बाळ झालं ते रडलंच नाही, तसंच उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी काचेच्या पेटीत ठेवलं. आज बाळ चौदा महिन्यांचं आहे, मान धरत नाही, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) सांगितलीय. केस होईल का, आणि किती मिळतील?

होईल. मी जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो. बहुतेक वेळा तक्रारदारांकडून, पण डॉक्टरांचं वकीलपत्रही घेतलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या फायली पाहिल्यात. किती मिळतील ते नंतर. आधी तारीख आणि फाईल.

ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत. निदान उशिरा झालं म्हणून मुदत पुढे धरा, असं म्हणता येतं, उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर बसू नका. 'बाळ जरा सावरू दे, मग बघू' म्हणता म्हणता तीन वर्षांनी आलेली माणसं माझ्यासमोर बसतात, आणि आमचा निम्मा युक्तिवाद उशिराच्या अर्जातच खर्ची पडतो.

आता फाईल. डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाईल नव्हे. दोन्ही दवाखान्यांना लेखी अर्ज द्या, सगळे केस पेपर मागा आणि अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मेडिकल कौन्सिल म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, तिच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नाही दिले, तर ती पोचच पुढे पुरावा होते. डॉक्टर ओळखीचे आहेत, फोन केला की देतील, असं करू नका.

प्रसूतिगृहाच्या कागदांत पार्टोग्राफ शोधा. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड किती उघडलं, पाण्याचा रंग, हे वेळेनुसार भरायचा तो तक्ता. ठोक्यांचा ठिपका दर अर्ध्या तासाला पडायला हवा. माझ्याकडच्या एका प्रकरणात रात्री दीडपासून चारपर्यंत रकाने कोरे होते. शेजारच्या नर्सिंग नोंदीत मात्र 'ठोके १४०' तीन वेळा, एकाच पेनने, एकाच दाबाने लिहिलेलं. उलटतपासणीच्या प्रश्नावलीत मी एवढंच विचारलं: या तीन नोंदी कुणी केल्या आणि त्या रात्री ड्युटीवर कोण होतं? उत्तरात दिलेलं नाव हजेरीपटावरच नव्हतं.

त्याहून मोलाचं पान दुसऱ्या दवाखान्याचं असतं. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आलं तेव्हा तिथल्या डॉक्टरने लिहिलेली दाखल नोंद. पहिल्या दवाखान्यात काय चुकलं ते झाकण्याचं त्यांना काही कारण नसतं. बाळ कसं आणलं, सोबत ऑक्सिजन होता का, अपगार (जन्मल्याबरोबर बाळाच्या स्थितीला दिलेले गुण) किती कळवला, झटके कधी सुरू झाले, एचआयई (प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली इजा) कितव्या स्टेजची, पोटात शी केली होती का, हे सगळं तिथे सापडतं. एमआरआय झाला असेल तर फिल्मसकट घ्या, नुसता रिपोर्ट नको.

कागदांवर इतका भर का, ते आपल्याकडच्याच एका खटल्यावरून सांगतो. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एका बाळंतिणीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. ती दगावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये निकाल लागला: टॉवेल आत राहिला यातच हलगर्जीपणा दिसतो, आता खुलासा दुसऱ्या बाजूने करायचा. टॉवेल स्वतःच बोलतो. मेंदूची इजा तशी बोलत नाही. सेरेब्रल पाल्सीची बरीचशी मुलं प्रसूतीत गुदमरलेली नसतात. गरोदरपणातला संसर्ग, कमी दिवसांचं बाळ, जनुकीय दोष अशी कारणंही असतात. सामनेवाल्यांचा, म्हणजे दवाखान्याच्या बाजूचा, वकील हेच म्हणणार, आणि कधी कधी तो खरं बोलत असतो. त्यामुळे फाईल आधी एखाद्या त्रयस्थ स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला दाखवा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही. २०१० च्या एका निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, पण तुमच्यासारख्या प्रकरणात त्याशिवाय जाऊच नका. ते म्हणाले की यात दवाखान्याची चूक दिसत नाही, तर तेही ऐका. मी स्वतः अशा काही जणांना परत पाठवलंय.

'नव्या कायद्यात डॉक्टर येत नाहीत,' असं कुणी सांगेल. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, आणि २०१९ च्या कायद्यावरचा हा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळलाय. सगळ्यांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याची गोष्ट वेगळी, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. तुमचं तसं नाही.

बिल साठ-सत्तर हजारांचं असेल. तक्रार कुठल्या आयोगात जाणार ते आता दिलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे ती जिल्हा आयोगातच जाईल, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. बहीण सासरी राहते ना? मग सासरच्या जिल्ह्यात दाखल करा, माहेरच्या दवाखान्यासाठी तिकडच्या खेपा नकोत. नव्या कायद्याने केलेली ही सोय बाळंतिणींच्या फार कामाची आहे. तक्रारीत आई-वडील आणि बाळ असे तिघेही तक्रारदार ठेवा. बाळ आणि पालक दोघांनाही वेगळी भरपाई मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच मान्य केलंय. डॉक्टरांनी विमा काढलेला असेल, तर विमा कंपनीलाही सामनेवाले करा.

आता रक्कम. ठरावीक दर नाही, झालेला आणि होणारा खर्च मांडावा लागतो. चेन्नईत १९९६ साली वेळेआधी जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी वेळेत झाली नाही आणि ती आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगाने ५ लाख दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुढच्या आयुष्यातला उपचारखर्च महागाई धरून काढला आणि झालेल्या खर्चासह रक्कम सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेली. फरक पडला तो हिशेबाने. म्हणून आजपासून वही घाला: फिजिओथेरपी, गाडीभाडं, औषधं, बहिणीने नोकरी सोडली असेल तर तो पगार. थेरपिस्ट सहसा पावती देत नाहीत, मागून घ्या.

कायदा म्हणतो तीन ते पाच महिन्यांत निकाल. हसू नका. वर्षं लागतात, आणि जिंकलात तरी समोरचे अपिलात जातात. मात्र त्यासाठी त्यांना अर्धी रक्कम आधी भरावी लागते.

पोलिसांत गुन्हा दाखल करायचा आग्रह कुणी धरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी ढोबळ, अक्षम्य चूक दाखवावी लागते, आणि त्यातून बाळाला पैसे मिळत नाहीत. मेडिकल कौन्सिलचंही तसंच, नोंदणी निलंबित होऊ शकते, भरपाई नाही. आणि दवाखान्यात जाऊन आरडाओरड, तोडफोड नको. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तक्रारदार म्हणून उभं राहायचं त्या माणसाला आरोपी म्हणून तारखा पडतात.

दरम्यान बाळाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा आणि निरामय योजनेत नाव घाला, सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं कवच आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बहिणीचं आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि ती पोच घेऊन जा.