सव्विसाव्या घराला 14 कुठून आणायचे?

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 3608528850368400786036725 ही संख्या टाकलीये आणि खाली लिहिलंय की असे गुण असलेली जगातली हीच सगळ्यात मोठी. नातू म्हणतो, आबा संख्या तर कधी संपतच नाहीत, मग सगळ्यात मोठी कशी? मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ती पूर्ण दिसत पण नाही. खरं काय?
– एक आजोबा, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, फॉरवर्ड खरा आहे (असं लिहायचा योग क्वचितच येतो!), फक्त "गुण" कुठला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. डावीकडून पहिले 2 अंक घ्या, 36, त्याला 2 ने भाग जातो, पहिले 3 म्हणजे 360 ला 3 ने, 3608 ला 4 ने, आणि असं करत करत पूर्ण 25 अंकांना 25 ने. आपलं परार्ध 18 अंकी, त्यामुळे हिला नावाने वाचायच्या भानगडीत पडू नका, नातवाला कागद-पेन्सिल द्या.

शाळेतल्या कसोट्यांवर बरंच काम होतं. पहिल्या 9 अंकांची बेरीज 45, म्हणजे 9 ने भाग जाणारच. पहिले 11 अंक 36085288503, यात एकाआड एक अंकांची बेरीज केली तर दोन्हीकडे 24, म्हणजे 11 ने भाग जातो, हे मला भारी आवडतं. 13 अंकांना तीन-तीनचे गट पाडा, उजवीकडून एक मिळवा एक वजा करा: 368−850+528−608+3, उत्तर −559, म्हणजे 13 गुणिले 43, फक्त वजा.

आता संपते का? 10 अंकांपर्यंत पुढचा अंक मिळतोच, कारण 0 ते 9 मधला कुठला ना कुठला चालतो. 11 पासून मात्र लागणारा आकडा 9 च्या वर जाऊ शकतो आणि मग त्या संख्येचा रस्ता तिथेच बंद. अशा 10 अंकी संख्या 2492 आहेत, 20 अंकी 44, 24 अंकी 3, आणि 25 अंकी ही एकटीच. हिच्यापुढे 0 लावून 26 ने भागा, बाकी 12 उरते, म्हणजे शेवटी 14 हवेत, आणि 14 हा काही एक अंक नाही! नातवाचं बरोबरच आहे, संख्या संपत नाहीत, हे एक खानदान तेवढं संपतं.

मला विचाराल तर याच जातीतली 381654729 जास्त देखणी आहे, 1 ते 9 सगळे अंक एकेकदाच, आणि अशी एकच. तिला पुढे वाढवत गेलं की प्रत्येक घरात एकच अंक बसतो, 3816547290608 पर्यंत जाते, आणि 14 व्या घराला 12 मागून बसते.