सही घेण्याआधी

तुझं पत्र मिळालं. मेंदूवरच्या नव्या उपचाराच्या पहिल्या मानवी चाचणीत संमती घेण्याचं काम तुझ्याकडे आलंय आणि फॉर्म तुला तोंडपाठ आहे, हे वाचून काळजीच वाटली. फॉर्म पाठ असला की माणूस भराभर बोलतो.

तू 'चाचणी' म्हणशील, समोरचा 'उपचार' ऐकेल. १९८२ पासून या गैरसमजाला 'थेरप्युटिक मिसकन्सेप्शन' असं भारदस्त नाव आहे. नावाने तो कमी होत नाही. पहिल्या टप्प्यात आपण मुख्यतः बघतो ते धोका किती आणि डोस किती सोसतो. हे सांग आणि गप्प बस. तुझं म्हणणं त्याच्या शब्दांत त्याला परत सांगू दे. "म्हणजे हात थरथरायचा थांबेल ना?" असं आलं, तर पेन पुढे करू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोल.

पार्किन्सनवरचा भ्रूणपेशी-रोपणाचा अभ्यास वाचलास का? अमेरिकेतला, २००१ साली प्रसिद्ध झालेला. रुग्ण ४०, त्यातल्या निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली, पेशी घातल्याच नाहीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी संतापलो होतो. आता तितका ठाम नाही. वर्षभराने 'तुम्हाला स्वतःला कसं वाटतं' असं विचारलं, तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. ती तुलना नसती, तर आशेने आलेला बरेपणा आपण पेशींच्या नावावर जमा केला असता. (भोकं पाडून घेणाऱ्याला हे आधी नीट कळलं होतं का, हा प्रश्न मात्र मला अजून सोडत नाही.)

खरी बोच पुढेच. नंतर खोट्या शस्त्रक्रियेच्या गटातल्या काहींनाही रोपण मिळालं. दोन्ही गट मिळून रोपण झालेल्या ३३ जणांपैकी ५ जणांना, पहिलं वर्ष बरं गेल्यावर, अंग आपोआप वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू झाला. लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध कमी केलं, बंद केलं, तरी थांबेना. गोळी थांबवता येते. मेंदूत रुजलेल्या पेशी वेचून काढता येत नाहीत.

म्हणून "तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता" हे वाक्य नुसतं वाचून दाखवू नकोस. बाहेर पडल्यावर त्याच्या डोक्यात काय उरेल, ते सांग. इलेक्ट्रोड (मेंदूत बसवलेली विजेची तार) असेल तर काढायला आणखी एक शस्त्रक्रिया, बॅटरी संपली तर ती बदलायचा खर्च. पाच वर्षांनी हे कोण बघणार, याबद्दल प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, ओळ शोध. नसेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी एथिक्स कमिटीला लेखी विचार. वरिष्ठ चिडतील. चिडू देत.